उरलेलं बोटॉक्स घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का?

सुरकुत्या कमी करायच्या बोटॉक्स इंजेक्शनची अर्धी बाटली उरली, पैसे तर पूर्ण बाटलीचे दिलेत, मग ती घरी आणून चार महिन्यांनी टोचून घेऊ का, असं विचारलंय. नाही, अजिबात नको.

बंद बाटलीत औषध कोरडं असतं, तळाला जेमतेम पांढुरका थर दिसतो. ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. एकदा सलाइन मिसळलं की कंपनीच्या पत्रकाप्रमाणे २४ तासांत आणि एकाच पेशंटला वापरायचं, कारण त्यात जंतू रोखणारं काही नसतं. काही त्वचारोगतज्ज्ञ ते जास्त दिवसही ठेवतात, पण क्लिनिकच्या फ्रीजमध्ये, मिसळल्याची तारीख लिहून. तुमचा फ्रीज दिवसातून पंचवीसदा उघडतो, लाइट गेली की संपलंच. फ्रीझर तर नकोच, मिसळलेलं औषध गोठवायचं नसतं.

फिलरची, म्हणजे चेहऱ्यावरचे खळगे भरायच्या जेलची, उरलेली सिरिंजही टाकूनच द्यायची. तिची सुई कातडीत जाऊन आलेली असते.

पैसे वाचवायचे असतील तर किती युनिट (बोटॉक्स मोजायचं माप) लागणार ते आधी विचारा. बरेच ठिकाणी युनिटप्रमाणे पैसे घेतात. आणि औषध समोर मिसळायला सांगा, त्यात भीड कसली?