गोव्यातून परदेशातल्या उन्हाळी आर्टिस्ट रेसिडेन्सीला जायचे तर तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: पणजीत पदव्युत्तर चित्रकला चालू आहे, काम तैलरंगात आणि जांभ्याच्या मातीत आहे, पुढच्या जून-जुलैत युरोपात सहा आठवड्यांची रेसिडेन्सी (कलाकाराला काही काळ राहून काम करायला जागा देणारा कार्यक्रम) हवी आहे, तर सुरुवात कुठून करायची?

कामाच्या फोटोंपासून. उन्हाळी रेसिडेन्सींचे बरेच अर्ज डिसेंबर ते फेब्रुवारीत बंद होतात, म्हणून पाऊस उघडला की लगेच फोटो काढून घ्या. चित्र पडवीत, थेट ऊन न लागेल असे उभे ठेवा. ट्यूबलाइट बंद करा. दोन प्रकारचा उजेड मिसळला की एक कोपरा हिरवट येतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि जरा लांब ठेवून झूम करा, नाहीतर कडा फुगतात. तैलरंग चमकत असेल तर चित्रच थोडे फिरवा. फाइल एसआरजीबी (पडद्यासाठीची नेहमीची रंगपद्धत) जेपीजीत, लांब बाजू 2000 पिक्सेलच्या आसपास. एका धाग्यातली दहा कामे वेगवेगळ्या जातीच्या वीस कामांपेक्षा कधीही बरी.

जागा शोधायला रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन याद्या चांगल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट आधी पाहा: पैसे कोण कोणाला देतो? स्टुडिओ, राहणे, जेवण, विमान आणि साहित्य यांतले काय मिळते ते वेगवेगळे विचारा. रेसिडेन्सीच्या नावाखाली नुसती खोली भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. विद्यार्थ्याने तिथे कर्ज काढून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रस्तावात ‘संस्कृतींचा संवाद’ वगैरे लिहू नका. सहा आठवड्यांत, त्या स्टुडिओत, किती मापाची किती कामे करणार ते लिहा. तैलरंगाचा पातळ थर हाताला सुकायला काही दिवस लागतात, जाड थराला कित्येक आठवडे. म्हणून जाड काम पहिल्या पंधरवड्यात आणि शेवटी कागदावरचे, असा क्रम प्रस्तावातच दिसू द्या. निवडणाऱ्यांना त्यावरून कळते की तुम्हाला तुमचे माध्यम कळते.

निवड झाली की लगेच व्हिसा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट मिळणे कठीण होते, तेव्हा थांबू नका. विमा किमान 30,000 युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. यजमान संस्थेच्या पत्रात नेमक्या तारखा, राहण्याचा पत्ता आणि कोणता खर्च कोण करणार हे तिन्ही असलेच पाहिजे. ‘आम्हाला आनंद होतो’ एवढ्याच मजकुराच्या पत्रावर अर्ज अडतो. मानधन मिळणार असेल तर त्यासाठी कोणता व्हिसा लागतो ते यजमानालाच लेखी विचारा. कॉलेजचा ना हरकत दाखला आणि परीक्षेच्या तारखाही जोडा. पालक खर्च करणार असतील तर त्यांची आयकर विवरणे लागतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरली की ती उसनी वाटते आणि संशय येतो.

आता माती. जांभ्याची माती बॅगेत घालून नेऊ नका. कीड आणि रोगांच्या भीतीने युरोपीय संघात भारतातून माती नेण्यास बंदी आहे. मातीवाचून काम अडत असेल तर यजमानाला तिथली माती आधी विचारून ठेवा, किंवा दुकानात मिळणारे गेरूसारखे रंगद्रव्य वापरा. किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळही नको, त्याला आपलाच वन्यजीव कायदा आडवा येतो.

टर्पेंटाइन, व्हार्निश, फिक्सेटिव्ह स्प्रे (कागदावरचे काम पुसू नये म्हणून मारायचा फवारा) विमानात चालत नाहीत; ते तिथे विकत घ्या. तैलरंगाच्या नळ्या चालतात, पण कंपनीचे सुरक्षा-माहितीपत्रक छापून सोबत ठेवा, कारण तपासणाऱ्याला ‘तेल’ दिसते. ब्लेड आणि पॅलेट नाइफ चेक-इनच्या बॅगेत. मोपा किंवा दाबोळीहून मुंबईला वेगळ्या तिकिटावर जाणार असाल तर देशांतर्गत वजनमर्यादा साधारण 15 किलोच असते. एकाच तिकिटावर पुढचे विमान जोडलेले असले की ही अडचण सहसा येत नाही.

परतताना कॅनव्हास चौकटीवरून काढून सहा इंच व्यासाच्या, पातळ भिंतीच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर. रंग आत ठेवून गुंडाळला तर थर दाबला जाऊन सुरकुततो. मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, तेल न शोषणारा) कागद घाला, पण अ‍ॅक्रिलिक कागदाला चिकटते, त्याला सिलिकॉनचा बेकिंग पेपर बरा. प्रत्येक कामाचा फोटो, माप आणि किंमत लिहिलेली यादी कस्टम्ससाठी हाताशी असू द्या. ऑगस्टमध्ये गोव्यात उतरलात की पाइप तसाच कोपऱ्यात ठेवू नका. त्याच आठवड्यात कामे उघडून पंख्याखाली सपाट पसरा, नाहीतर कॅनव्हासच्या मागच्या बाजूने बुरशी धरते.