कोकणातल्या किनाऱ्यावर एवढं प्लास्टिक येतं कुठून आणि रिसायकलिंगने खरंच काही फरक पडतो का?

प्रश्न वाचला आणि म्हटलं ह्याला उत्तर द्यायचंच, कारण "येतं कुठून" ह्यावरून आमच्या घरात पाच वर्षं वाद चालू आहे.

मी मालवण तालुक्यातला, घर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी मोठं जाळं (रापण) ओढून मासे धरणाऱ्यांचं. माझा थोरला चुलत भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न मे महिन्यात झालं. पाण्यासाठी त्याने 200 मिलीच्या बाटल्या मागवल्या, लेबलवर नवरानवरीची नावं आणि तारीख छापून. मी दोन दिवस मागे लागलो होतो की मंडपवाल्याकडे स्टीलचे पेले भाड्याने मिळतात, दोन टाक्या लावू, पोरं पाणी वाढतील. दादा म्हणाला, लोक काय म्हणतले? झालं. दोन हजारांच्या आसपास बाटल्या संपल्या, अर्ध्या तर दोन घोट पिऊन तशाच टाकलेल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या हॉलच्या मागे वहाळाच्या काठावर नेऊन ओतल्या. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला आणि एका रात्रीत ती जागा साफ. तेव्हा कोणी काही बोललं नाही, जागा साफ झाली ना!

मग नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा बसला आणि आम्ही रापण घातली. बाबा तेव्हा ओढायला होते, सत्तरीचा माणूस. दोर ओढताना जाळं जड लागायला लागलं तसे सगळे खूश, तारली असणार नाहीतर बांगडा तरी. जाळं वर आलं तर निम्मं प्लास्टिक. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, औषधांच्या बाटल्या, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, आणि त्यात चिखल भरलेल्या त्या बाटल्या, माझ्या पुतणीच्या नावाच्या. लेबल प्लास्टिकचंच असतं त्यामुळे नाव अगदी स्वच्छ वाचता येत होतं. मासळी निवडायला आम्हाला दुपार झाली, ऊन चढलं, तारली मऊ पडली, घ्यायला आलेल्या बाईने निम्मा भाव केला आणि पन्नास माणसांत वाटे पडले तेव्हा बाबांच्या हातात काय आलं ते सांगायलाही नको वाटतं. बाबा काही बोलले नाहीत, एक बाटली धुतली आणि घरी घेऊन आले. दादा त्याच संध्याकाळी आमच्या खळ्यात बसून म्हणत होता, "ह्यो सगळो कचरो मुंबयसून व्हावत येता." बाबांनी ती बाटली त्याच्यासमोर ठेवली. तरी आजही तो तेच म्हणतो.

तर पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर हे. आपल्या परसातून वहाळात, वहाळातून खाडीत, खाडीतून समुद्रात आणि भरतीला परत आपल्याच दारात.

रिसायकलिंगचं म्हणाल तर फरक पडतो, पण बाटली समुद्रात जायच्या आधी. नंतर नाही. त्या दिवशीच्या बाटल्या मी दोन गोणी भरून कुडाळला भंगारवाल्याकडे नेल्या, त्याने एक गोण उघडून बघितली आणि म्हणाला वाळू आहे, चिखल आहे, हे पुढे कोणी घेणार नाही. त्याच बाटल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोरड्या नेल्या असत्या तर त्याने वजन करून घेतल्या असत्या. बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, तिचे तुकडे करून धुतात आणि पुढे त्याचा पॉलिएस्टरचा धागा होतो. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, ते पाण्यावर तरंगतं आणि पेट बुडतं, कारखान्यात धुताना तसंच वेगळं करतात. वेफर्स-गुटख्याची पाकिटं मात्र भंगारवाला हातात पण घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत, फार तर सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. म्हणून "सगळं रिसायकल होतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ज्याला गिऱ्हाईक आहे तेवढंच रिसायकल होतं.

आणि कृपा करून न्हाणीच्या चुलीत पिशव्या घालू नका. पावसात लाकडं ओली असतात, पेटत नाहीत, मला माहीत आहे, आमच्याकडेपण घालायचे. तो धूर घरातली बाईच ओढते. नारळाची चुडतं आणि सोडणं मे महिन्यात भरून ठेवा.

बंदीचं कोणी विचारेल म्हणून सांगतो, राज्यात 2018 ला पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, 1 जुलै 2022 पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे-पेले बंद झाले. बाजारात जाऊन बघा किती पाळली जाते. दुसरीकडे आमच्याच जिल्ह्यात वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा करून डम्पिंग ग्राउंडची बघायला जाण्यासारखी जागा केली, म्हणजे होत नाही असं नाहीये.

एक कबूल करतो, सगळंच गावातून येत नाही. बाहेरूनही येतं, आणि जाळ्यांचे तुकडे नि थर्माकोल तर आम्हा मच्छीमारांचेच. फाटलेलं जाळं समुद्रात सोडून देणारे आमच्यातही आहेत, त्यांच्याशी मी वेगळा भांडतो. आणि तुमच्या गावात भंगारवाला येत नसेल तर नुसतं वेगळं करून ठेवून उपयोग नाही, चार घरांनी मिळून महिन्याला एक टेम्पो ठरवा.

पण तुम्ही काय करू शकता विचारलंत तर माझ्या मते सगळ्यात आधी घरच्या कार्यात बाटल्या बंद. पूजा असो, बारसं असो, लग्न असो. दादाच्या धाकट्या मुलीचं लग्न ह्या मार्गशीर्षात आहे. दादानू, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे. पाचशे पेल्यांची ऑर्डर मी मंडपवाल्याला देऊन ठेवली आहे, भाडं माझं आणि धुवायला माणसंही मीच आणतो.