भिशीचे ऐंशी हजार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. भिशी लागली, त्यातले ऐंशी हजार तुझ्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढलेत, आता कुठला घ्यायचा ते तुम्हीच सांगा, म्हणाले. तासाभरात तुझा मेसेज. चार लॅपटॉपचे फोटो आणि खाली एवढंच, "काका, यातला कुठला?"

चारांतला एकही नको. का नको ते फोनवर सांगत बसलो तर बाबांचा चहा गार होईल, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझी फजिती ऐक. साल २००९. दिवसा भोसरीत एसपीएमचं, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनचं डिझाइन आणि रात्री घरी बसून वरकड कामं, असा माझा दिनक्रम होता. एका कन्व्हेअरची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं कॉम्प्युटरवरचं मॉडेल, आली, बारा-तेराशे पार्टची. उघडायची, फिरायची, आणि ड्रॉइंग काढायला घेतलं की धाडकन बंद पडायची. मी निदान केलं की ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. पंधरा हजारांचं नवं कार्ड आणून बसवलं. असेंब्ली तरीही कोसळली, आणि पहिल्यापेक्षा जरा लवकरच.

मग माय कॉम्प्युटरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघितल्या. मशीनमध्ये रॅम चार जीबी, पण विंडोज एक्सपी होतं ३२ बिटचं. त्याच्याकडे मेमरीतल्या जागांचे पत्तेच एकूण चार जीबीचे, आणि त्यातले काही कार्डासाठी राखून ठेवावे लागतात. जुनं कार्ड होतं तेव्हा ३.२५ जीबी दिसायची, नव्या कार्डानं ती २.९९ वर आणली. त्यातही एका प्रोग्रॅमच्या वाट्याला दोनच जीबी. म्हणजे पंधरा हजार मोजून मी स्वतःचीच रॅम कापून घेतली होती. दुखणं ऑपरेटिंग सिस्टीमचं होतं, मलम लावलं कार्डाला. ६४ बिट विंडोज टाकल्यावर तीच असेंब्ली जुन्या कार्डावर मुकाट चालली. तुझी काकू अजून त्या पंधरा हजारांचा हिशोब विचारते.

म्हणून पैसे देण्याआधी एक काम कर. कॉलेजच्या कॅड लॅबमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनच्या लॅबमध्ये, जा, तुझं सगळ्यात जड मॉडेल उघड, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेव आणि पूर्ण रिबिल्ड दे, म्हणजे मॉडेल पहिल्यापासून पुन्हा बांधायला लाव. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, किती टक्के राबतोय तो आकडा बघ. मशीनला आठ लॉजिकल प्रोसेसर असतील तर आकडा बराच वेळ बारा-तेरा टक्क्यांवरच घुटमळताना दिसेल. तुला वाटेल, मशीन तर रिकामंच बसलंय, मग एवढा उशीर का? आठातला एकच जण राबतोय, म्हणून. ग्राफचे आठ चौकोन लावून बघितलेस तर ते काम एका चौकोनातून दुसऱ्यात उड्या मारतानाही दिसेल, पण बेरीज तेवढीच.

हे का होतं ते तुला पॅटर्नशॉपमधल्या बाबांकडे बघून कळावं. पॅटर्न झाल्याशिवाय साचा नाही, साचा भरल्याशिवाय ओतकाम नाही. आठ माणसं उभी केली तरी सात जण बिड्या ओढत बसणार. फीचर ट्रीचं, म्हणजे मॉडेल ज्या पायऱ्यांनी बनलं त्यांच्या यादीचं, तसंच आहे. बॉस, म्हणजे पार्टवरचा उंचवटा, उठल्याशिवाय त्यातलं भोक पडत नाही, भोक पडल्याशिवाय त्याच्या कडेचा चॅम्फर, म्हणजे तिरपा काप, होत नाही. त्यामुळे मॉडेलिंगला सोळा कोअरपेक्षा, म्हणजे प्रोसेसरमधल्या सोळा राबणाऱ्यांपेक्षा, एका कोअरचा वेग कामाला येतो. दुकानदार कोअर मोजून दाखवतो, कारण मोजायला तेच सोपं.

अॅनालिसिसचा, म्हणजे पार्टवर भार पडला तर काय होईल ते गणितानं काढण्याचा, मामला निराळा. तिथे गणित सोडवणारा सॉल्व्हर सगळ्या कोअरना कामाला लावतो आणि अडतो तो रॅमवर. त्या गणिताची मॅट्रिक्स रॅममध्ये मावली नाही की ती डिस्कवर लिहून, पुन्हा वाचून पुढे सरकावं लागतं, आणि वीस मिनिटांचं काम रात्रभर चालतं. पण लगेच ६४ जीबीची स्वप्नं बघू नकोस. तू वापरणार ती अॅन्सिस या अॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्ती. ती फुकट मिळते, पण स्ट्रक्चरलला १,२८,००० नोड किंवा एलिमेंटच्या पुढे जाऊ देत नाही. एवढा मेश, म्हणजे मॉडेलच्या बारीक तुकड्यांचं जाळं, १६ जीबीत चालतो, ३२ मध्ये तर आरामात. तुझी मर्यादा लायसन्सनं आधीच आखून दिली आहे, तिच्या पलीकडचं हार्डवेअर घेऊन ते नुसतं गरम होणार.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. इथे तुझं मन हॉस्टेलवरच्या मैत्रिणीच्या मॅकबुकवर गेलंय हे मला फोटोंच्या क्रमावरून कळलं. मशीन देखणं आहे, बॅटरी दिवसभर जाते, आवाज नाही, सगळं खरं. तू संगणक शाखेला असतीस तर मी अडवलं नसतं. मॅटलॅब त्यावर उत्तम चालतं, पायथनला काही अडचण नाही, फ्यूजनही चालतं. पण सॉलिडवर्क्स आणि क्रिओ ही डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर येत नाहीत. २०२० पासून अॅपलनं स्वतःच्या चिप घालायला सुरुवात केली, तेव्हापासून मॅकवर नेहमीचं विंडोज टाकायची जुनी वाटही बंद झाली. विंडोजची एआरएम, म्हणजे तसल्या चिपसाठीची, आवृत्ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, घालून लोक कसरती करतात. सबमिशनच्या आदल्या रात्री ती कसरत करायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

तेव्हा विंडोज ११. मला त्याचं प्रेम आहे म्हणून नव्हे. शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर चाकण, जिथे तू उद्या इंटर्नशिपला जाशील तिथले साहेब फाईल पाठवणार ती त्यांच्या सॉफ्टवेअरमधली, आणि ते सॉफ्टवेअर विंडोजवर बसलेलं असतं. बहुतेक सॉफ्टवेअरना वाचता येणारी स्टेप फाईल मागता येते, पण स्टेपमध्ये आकार येतो, फीचर ट्री येत नाही. एक डायमेन्शन बदलायचं म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

लिनक्स मात्र शिकायचंच. जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. आपल्या पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तिथल्या आजच्या यंत्रांवरही लिनक्सच. तुला पुढे कास्टिंगमधला धातूचा प्रवाह, हवेचा दाब असलं काही करायचं असेल तर ओपनफोम हे प्रवाहाचं सॉफ्टवेअर लागेल, आणि त्याचं खरं घर लिनक्स. पण त्यासाठी वेगळं मशीन नको, डिस्कचे दोन भाग करणंही नको. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय असते, तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. एक आज्ञा दिली की उबुंटू नावाचं लिनक्स उतरतं, आणि ते होम आवृत्तीतही चालतं. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत, त्यातले कितीतरी मराठीत. जेवताना रील्स बघतेस त्याऐवजी एखादा लाव.

तरीही कधी ड्युअल बूट करायची, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी टाकायची, खुमखुमी आलीच, तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. नवीन मशीनवर मायक्रोसॉफ्टचं खातं घालून लॉगिन केलं की डिस्क बहुतेक आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जरा हात घातला की निळा पडदा ते ४८ आकडे मागत उभा राहतो. आमच्या ऑफिसातल्या एका पोरानं प्रोजेक्टच्या आठवड्यात हे करून घेतलं होतं. आकडे खात्यात साठवलेले असतात, पण त्याला खात्याचा पासवर्डच आठवेना.

लॅपटॉप का नको, ते सांगतो. तू घरूनच जाऊन-येऊन करतेस, कॉलेजात लॅब आहे. एसटीच्या गर्दीत अडीच किलोचं मशीन रोज कशाला नाचवायचं? त्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो, गरम झाला तरी वेग सोडत नाही, आणि दोन वर्षांनी रॅम वाढवायची तर बाजूचं झाकण उघडून वाढवता येते. तू पाठवलेल्या चारांतल्या दोघांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. आठ जीबी घेतली की जन्मभर आठच. राहिलेल्या दोघांवर ग्राफिक्स कार्डाचं नाव झळकतंय, पण लॅपटॉपमधल्या कार्डांत एक गोम असते. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ वॅटच्या कार्डालाही असतं आणि ११५ वॅटच्याही. स्टिकर तोच, काम वेगळं.

तर डेस्कटॉप. एका कोअरला वेगवान असा सहा-आठ कोअरचा प्रोसेसर. रॅम ३२, आणि ती १६ च्या दोन पट्ट्यांत घे. एकाच पट्टीत घेतलीस तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो, आणि अॅनालिसिसला तोच रस्ता लागतो. एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्क. ग्राफिक्स कार्ड साधंसं. स्क्रीनला मात्र हात आखडू नका, २७ इंची १४४० पिक्सेलची बसली बजेटात तर बघा. डावीकडे ट्री, उजवीकडे प्रॉपर्टी उघडल्यावर मधे मॉडेलला जागा उरायला हवी. चाकाचं तीन बटणी माऊस घे, शंभराचं नको. भाव लिहीत नाही, पत्र पोचेपर्यंत बदलतील.

जुनं वर्कस्टेशन स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगितलं तर प्रोसेसरची पिढी विचार. इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या आधीचं घेऊ नका, काही अपवाद सोडले तर विंडोज ११ ते अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशी कितीतरी मशीनं तेव्हापासून दुकानांत चकाचक पुसून ठेवलेली आहेत.

मशीन आलं की विंडोजमध्ये युजरचं नाव देशील ते इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि मधे जागा न सोडता. आपलं नाव देवनागरीत लिहायचा मोह मलाही झाला होता. पण त्याच नावाचं फोल्डर तयार होतं, आणि काही इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर त्या वाटेवर असे अडखळतात की चूक काय झाली ते एररमध्येही सांगत नाहीत. तसंच वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, स्क्रीनवरचं डेस्कटॉप फोल्डर आपल्याकडे ओढून घेतं, म्हणून कामाचं फोल्डर त्याच्या बाहेर वेगळं ठेव.

क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, घालू नकोस. तुझ्या वर्गात पेन ड्राइव्ह फिरत असेल, मला माहीत आहे. ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, अॅन्सिसचं वर सांगितलंच, फ्रीकॅड तर सगळ्यांनाच मोकळं आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. सॉलिडवर्क्स कॉलेजकडे असेल तर घरच्या मशीनसाठी लायसन्स मिळतं का ते लॅबच्या सरांना विचार. विचारायला कुणी जात नाही, म्हणून अनेकदा ते पडून असतं.

आणि ऐंशीतले सहा-सात हजार आत्ताच बाजूला ठेवायला सांग, यूपीएस आणि अर्थिंगसाठी. तुमच्या जुन्या घरात तिसऱ्या पिनेला वायरच नसेल अशी मला दाट शंका आहे. मागच्या दिवाळीत तुमच्या फ्रिजला हात लावला तेव्हा मला झिणझिण्या आल्या होत्या. लोखंडी कॅबिनेटलाही अर्थिंगशिवाय तसंच होतं. मशीन येण्याआधी वायरमनला बोलवा. यूपीएसवर फक्त मशीन आणि स्क्रीन लावायचं, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती वेळ मिळाली की झालं. त्यावर प्रिंटर लावू नका.

शनिवारी लॅबमध्ये गेलीस की टास्क मॅनेजरचा फोटो पाठव, सीपीयू आणि मेमरी दोन्ही दिसू देत. तो बघितल्यावर मी पार्टची यादी करून देतो. तोवर बाबांना अॅडव्हान्स देऊ नका म्हणावं.

तुझा,
भोसरीचा काका