मुलाला थेट विचारा, आणि कॉलेजच्या हमीपत्रावर घाईने सही करू नका

दादा, कऱ्हाडला अकरावीत असलेल्या मुलाच्या वहीत 'मी नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता' असं सापडलं आणि घरातली वडीलधारी 'विषयच काढू नका, डोक्यात भरेल' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. सांगलीत आमच्या घरी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, आई आहे.

विषय काढा. "मरावंसं वाटतं का रे तुला?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे मानसोपचारतज्ज्ञही सांगतात. आमचा मुलगा आधी रडला, मग बऱ्याच दिवसांनी नीट जेवला.

पण त्याने हे सगळ्यात आधी सांगितलं होतं ते वसतिगृहाच्या कॉलेजातल्या एका सरांना. सरांनी वर कळवलं, तेही ठीक. मग आम्हाला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं हमीपत्र तयार: 'पाल्याचे काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं, खाली त्याचीही सही घेतली आणि त्याच संध्याकाळी गादी-पेटीसकट घरी पाठवलं. झोप लागते का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. खरं बोललं की हाकलतात, एवढंच पोरगं त्यातून शिकलं. पुढे डॉक्टरांसमोरही 'मी बरा आहे' यापलीकडे बोलेना. तो काळ आमच्यासाठी सगळ्यात धोक्याचा होता. आजही आठवलं की संताप होतो. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली आहे असं धरून उपचार आणि पुनर्वसन द्या म्हणतो. इथे लेकराने फक्त मन मोकळं केलं होतं.

म्हणून कॉलेजात सांगायचं तर मुलाला विचारून, त्याला जवळच्या वाटणाऱ्या एकाच शिक्षकाला सांगा. कागद पुढे केला तर घरी आणून वाचा. बोललास ते बरं केलंस, हे त्याला तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. माझं स्पष्ट मत, पटेल न पटेल: नीटची परीक्षा, मार्क, फी हे विषय सध्या घरात बंद.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथे दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही चालतो. आईवडिलांनीही फोन करावा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. या वयात सुरुवातीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवावं लागतं. अस्वस्थपणा वाढला तर डॉक्टरांना लगेच कळवा, मनाने गोळ्या बंद करू नका.

शेती असेल तर फवारणीची औषधं आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे. आजोबांच्या गोळ्यांचा डबाही. ती तीव्र ऊर्मी बरेचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्यात हाताशी काही नसणं याने जीव वाचतात. निरोपाची भाषा केली, आवडत्या वस्तू वाटायला लागला, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अगदीच निकड असेल तर 112 वर फोन करा.

आणि पोस्टमधून कॉलेजचं नाव काढून टाका. आपल्याकडे तेवढ्यावरून घर ओळखतात, आणि त्याचे मित्रही इथे वाचत असतील.