वाचकांचे प्रश्न : स्ट्रिंगमधले एक अक्षर जागेवरच का बदलता येत नाही?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो आणि पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या शेतकरी गटाच्या कापसाच्या वजन पावत्या छापण्यासाठी मी पायथन या संगणक भाषेत एक प्रोग्राम लिहिला आहे. त्यात 'कापुस' असा अशुद्ध शब्द पडला होता, म्हणून त्या स्ट्रिंगमधला (म्हणजे चिन्हांच्या मालिकेतला) ऱ्हस्व उकार काढून तेथे दीर्घ उकार ठेवण्याची आज्ञा दिली, तर टाइपएरर (या प्रकारावर ही क्रिया चालत नाही असा संदेश) आला. हेच काम लिस्टमध्ये (यादीत) बिनबोभाट होते आणि रुबी भाषेत तर स्ट्रिंगमध्येही होते. हा पायथनचा दोष समजावा काय?

उत्तर : दोष नव्हे. तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे आणि माझ्या मते योग्य निर्णय आहे. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट आणि गो या भाषांत स्ट्रिंग एकदा तयार झाली की ती बदलत नाही. आपण तिच्यात बदल केला असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात नवी स्ट्रिंग तयार होते आणि आपण दिलेले नाव जुनीला सोडून नवीकडे निर्देश करू लागते. सातबाऱ्यावर फेरफार होतो तेव्हा जुने नाव खरवडून काढीत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांकासह नवे नाव लिहितात, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच की जुन्या स्ट्रिंगकडे कोणाचाच निर्देश उरला नाही, तर तिची जागा संगणक मोकळी करतो.

यामागचे खरे कारण वाटणीत आहे. आपल्या गटात 400 शेतकरी आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या नोंदीत एकाच गावाचे नाव आहे असे धरा. ते नाव 400 वेळा साठवण्याऐवजी एकदाच साठवावे आणि सर्व नोंदींनी त्याकडे बोट दाखवावे, यात मोठी बचत आहे. परंतु ती स्ट्रिंग जागेवर बदलता येत असेल, तर एका शेतकऱ्याच्या नोंदीत गाव दुरुस्त करताच इतर सर्वांचे गाव त्यांच्या नकळत बदलते. हे मी स्वतः भोगले आहे. रुबीत लिहिलेल्या एका प्रोग्राममध्ये मी प्रत्येक नोंदीतील गावाच्या नावाला जागेवरच तालुक्याचे नाव जोडत गेलो. एका गावाची स्ट्रिंग 40 नोंदींत सामायिक होती, म्हणून छापील यादीत त्या गावापुढे तालुका 40 वेळा आला. चूक कोणत्याही एका ओळीत दिसत नव्हती, प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबरच होती, आणि म्हणूनच ती सापडायला दोन रात्री लागल्या.

डिक्शनरीत, म्हणजे चावी देऊन नोंद शोधण्याच्या रचनेत, हा धोका आणखी वाढतो. 'कापूस' या चावीखाली भाव ठेवला की त्या शब्दापासून एक हॅश संख्या काढली जाते आणि त्या संख्येवरून कप्पा ठरतो. चावी असलेली स्ट्रिंग नंतर आतल्या आत बदलली, तर भाव जुन्याच कप्प्यात राहतो, शोध मात्र दुसऱ्याच कप्प्यात घेतला जातो, आणि असलेली नोंद नाही असे उत्तर मिळते. पायथन लिस्टला चावी होऊ देत नाही ते याचसाठी. रुबीलाही हा प्रश्न चुकला नाही : तेथे स्ट्रिंग चावी म्हणून दिली की तिची प्रत काढून ती प्रत गोठवली जाते.

आता आपल्या उकाराकडे वळू, कारण देवनागरी लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. 'वर्धा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पायथन मात्र त्याची लांबी 5 सांगते : व, र, हलन्त, ध आणि काना. यूटीएफ-8 या चिन्हे साठवण्याच्या पद्धतीत याच शब्दाला 15 बाइट लागतात. त्यामुळे 'एक अक्षर बदल' या आज्ञेचा अर्थच आपल्या लिपीत संदिग्ध आहे. शिवाय 2012 साली आलेल्या पायथन 3.3 पासून स्ट्रिंगमधील सर्वांत रुंद चिन्ह पाहून प्रत्येक चिन्हाला 1, 2 किंवा 4 बाइटची जागा दिली जाते. केवळ रोमन अक्षरे असलेल्या स्ट्रिंगमध्ये एक 'क' घालायचा झाला, तर सगळी स्ट्रिंग नव्याने मांडावी लागते. जागेवरचा बदल वाटतो तितका स्वस्त नाही.

न बदलणाऱ्या स्ट्रिंगची किंमत मात्र खरी आहे. 100 चिन्हांच्या 1,000 ओळी आपण एकापुढे एक जोडत गेलात आणि प्रत्येक वेळी सगळा मजकूर नव्याने उतरवला गेला, तर एक लाख चिन्हांची पावती-यादी तयार करायला सुमारे पाच कोटी चिन्हे उतरवावी लागतात. प्रचलित पायथन काही वेळा ही नक्कल टाळते, पण त्यावर विसंबू नये. ओळी लिस्टमध्ये गोळा कराव्यात आणि शेवटी 'जॉइन'ने एकदाच जोडाव्यात. जावात याच कामासाठी 2004 पासून स्ट्रिंगबिल्डर आहे. आपल्या एका उकारासाठी 'रिप्लेस' वापरून निघणारी नवी स्ट्रिंग त्याच नावाला द्यावी, एवढे पुरे.

रुबीनेही पुढे आपली वाट थोडी बदलली. 2015 च्या डिसेंबरात आलेल्या 2.3 आवृत्तीपासून फाइलच्या डोक्यावर एक टीप लिहून त्या फाइलीत लिहिलेल्या स्ट्रिंग गोठवता येतात. रस्ट भाषेचा तोडगा मला सर्वांत पटतो : तेथे स्ट्रिंग बदलता येते, परंतु त्या क्षणी ती दुसऱ्या कोणाच्याही हाती नसेल तरच, आणि ही अट प्रोग्राम चालण्यापूर्वी त्याचे भाषांतर करणारा कंपायलरच तपासतो.

प्रश्न : जावात स्ट्रिंग न बदलणारी असणे सुरक्षिततेला चांगले, असे मी विद्यार्थ्यांना शिकवते, मग पासवर्ड स्ट्रिंगमध्ये ठेवू नये असे का म्हणतात? (संगणक शिक्षिका, जि. गोंदिया)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फाइलचा पत्ता तपासल्यानंतर आणि ती फाइल उघडण्यापूर्वी त्याच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडला (धाग्याला) तो पत्ता बदलता येत नाही, हा लाभ आहे. पण जी बदलता येत नाही ती पुसताही येत नाही. पासवर्डची स्ट्रिंग जावाचा कचरा-संकलक ती जागा परत घेईपर्यंत, आणि त्यानंतरही जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, स्मृतीत राहू शकते. कॅरॅक्टर अ‍ॅरे (सुट्या चिन्हांची बदलता येणारी रांग) असेल तर काम होताच त्यात शून्ये भरता येतात, आणि म्हणूनच जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचातील पासवर्डची चौकट आपला मजकूर स्ट्रिंगऐवजी कॅरॅक्टर अ‍ॅरेत देते. वर्गात दाखवताना अ‍ॅरे पुसण्याची ओळ 'फायनली'च्या (काहीही झाले तरी शेवटी चालणाऱ्या) भागात लिहावी, म्हणजे मध्येच अपवाद उद्भवला तरी ती चालेल.