घडलंच नाही अशा इतिहासातलं लढाऊ विमान: मॉडेलचे रंग कसे ठरवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी 1/72 मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाचं) टीएसआर-2 या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचं किट आहे. ते नेहमीच्या पांढऱ्या रंगात करायचं नाही, 'असं झालं असतं तर' या धर्तीच्या काल्पनिक रंगात करायचंय. पण इतरांची अशी मॉडेल्स पाहिली की ती खेळण्यासारखी वाटतात, तर आपलं खरं कसं वाटेल? आणि भारतीय रंग चालतील का?

माझं मत विचाराल तर थाप एकच मारावी आणि ती इतिहासात मारावी, रंगात नव्हे. इतिहासातला एक निर्णय उलटा फिरवा. त्यापुढे मात्र सगळं खऱ्या जगाच्या नियमांनीच चालू द्या. खेळण्यासारखी दिसणारी मॉडेल्स बहुतेक वेळा उलट्या क्रमाने बनलेली असतात. आधी आवडते रंग निवडले जातात आणि मग त्यांना शोभेल अशी गोष्ट रचली जाते.

लढाऊ विमानाचा रंग हौसेने ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या राऊंडेलमधला (गोल राष्ट्रीय खुणेतला) लाल ठिपका काढून टाकला होता, कारण लाल गोळा दिसला की जपानी विमान समजून आपलेच तोफची गोळ्या झाडायचे. 1941 मध्ये ब्रिटिश फायटर विमानांच्या पाठीवरचा तपकिरी रंग जाऊन करडा आला, कारण लढाई इंग्लंडच्या शेतांवरून इंग्लिश खाडीकडे आणि पलीकडच्या किनाऱ्यावर सरकली होती. टीएसआर-2 चा पांढरा रंगसुद्धा शोभेचा नाही. अणुस्फोटाचा झोत परतवून लावण्यासाठी तो होता, म्हणून त्याच्यावरच्या खुणाही फिकट ठेवल्या होत्या. तेव्हा 'कोणता रंग छान दिसेल?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'हे विमान कुठे, कोणाविरुद्ध, किती उंचीवरून आणि दिवसा की रात्री उडणार?' हे विचारा. निम्मं काम तिथेच होतं.

या खेळाला टीएसआर-2 सारखं विमान नाही. 27 सप्टेंबर 1964 ला पहिलं उड्डाण, एप्रिल 1965 मध्ये अर्थसंकल्पातच प्रकल्प रद्द, आणि उडालेलं विमान एकच, एक्सआर219. म्हणजे इतिहासाने जागा रिकामीच सोडली आहे. मी असतो तर सांधा 1963 मध्ये बदलला असता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाने टीएसआर-2 ला बाजूला सारून अमेरिकेचं एफ-111 निवडलं. समजा, उलटं झालं. परदेशातून पक्की मागणी आल्यामुळे ब्रिटनलाही प्रकल्प गुंडाळता आला नाही आणि 1969 च्या सुमारास विमानं ऑस्ट्रेलियाच्या हाती पडली. थाप इथे संपली. आता फक्त निष्कर्ष काढत जायचं.

ऑस्ट्रेलियाची 2 क्रमांकाची स्क्वाड्रन 1967 ते 1971 व्हिएतनाममध्ये फान रांगच्या तळावर कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं घेऊन होती आणि अमेरिकेच्या 35 व्या टॅक्टिकल फायटर विंगच्या हाताखाली काम करत होती. कॅनबेराच्या जागी टीएसआर-2 आलं, तर पांढरा रंग पहिल्याच दिवशी बाद. ऑस्ट्रेलियाकडे अणुबॉम्ब नाही आणि जंगलावरून खालून उडणारं पांढरं विमान वरून लगेच उठून दिसणार. तळ अमेरिकन, रंगाचे डबेही अमेरिकन. म्हणजे आग्नेय आशियाची ती ओळखीची योजना: वर दोन हिरवे आणि एक मातकट, म्हणजे एफएस या अमेरिकन रंगयादीतले क्रमांक 34079, 34102 आणि 30219. पोटाला दिवसा उडणाऱ्या विमानांचा फिकट करडा लावू नका. हे रात्री, जमिनीला चिकटून जाणारं विमान आहे आणि अमेरिकेच्या एफ-111 चं पोट याच कामासाठी काळं होतं. तुमचंही काळं करा.

अमेरिकन कॅमोफ्लाजवर (विमान लपवणाऱ्या रंगांवर) ऑस्ट्रेलियाच्या खुणेतला कांगारू ही जोडी काल्पनिक वाटते, पण ती खरी आहे. एफ-111 यायला उशीर झाला म्हणून ऑस्ट्रेलियाने 1970 पासून काही वर्षं एफ-4ई फँटम भाड्याने घेतली होती. त्यांच्यावर अमेरिकन कॅमोफ्लाज तसाच ठेवून कांगारूचे राऊंडेल लावले होते. असा खरा शेजारी सापडला की मॉडेलला जामीन मिळाल्यासारखं होतं. डीकलही (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) तिथूनच उचलायची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फँटमच्या शीटवरून. एक बारकावा सांभाळा: विमानाच्या अंगावरचा कांगारू दोन्ही बाजूंना नाकाच्या दिशेने तोंड करून असतो, म्हणजे डावा आणि उजवा वेगळा. एकाच तोंडाचे दोन राऊंडेल लावले, तर एका बाजूचा कांगारू शेपटीकडे पळत सुटतो आणि जाणकाराची नजर पहिली तिथेच जाते.

सिरियल नंबरातही गंमत आहे. खऱ्या इतिहासात 'ए8' हा क्रमांक एफ-111 ला मिळाला. तुमच्या इतिहासात ते विमान आलंच नाही, मग ए8 टीएसआर-2 ला द्यायला काय हरकत आहे? आठ इंची अक्षरं 1/72 मध्ये 2.8 मिलिमीटर होतात. बरेच जण अंदाजाने चार-पाच मिलिमीटरची लावतात आणि विमान एकदम छोटं दिसायला लागतं.

आता हातातल्या कामाकडे. कॅमोफ्लाजचा आराखडा तयार मिळणार नाही, तो तुम्हालाच काढायचाय. एफ-105 किंवा एफ-111 चा आराखडा समोर ठेवा, कारण दोन्ही लांबलचक अंगाची विमानं आहेत. किटच्या बाजूच्या आणि वरच्या चित्राच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने पट्टे काढून बघा. डावी-उजवी बाजू सारखी होऊ देऊ नका, आणि पट्टा पंखावरून अंगावर न तुटता गेला पाहिजे. पंखाच्या सांध्यावर रंग बदलला, तर कॅमोफ्लाजचा हेतूच बारगळतो, विमानाचा आकार लपायच्या ऐवजी अधोरेखित होतो. मॉडेलची लांबी जवळपास 38 सेंटीमीटर आहे, त्यामुळे ठिपके लहान काढायचा मोह टाळा. मोठे, आळशी पट्टेच शोभतात.

फवारणीत आधी मातकट, मग फिकट हिरवा, शेवटी गडद हिरवा. कडा किती मऊ ठेवायच्या याचा हिशोब सोपा आहे. खऱ्या विमानावर पाच सेंटीमीटरची धूसर कड असेल, तर 1/72 मध्ये ती एक मिलिमीटरही भरत नाही. एअरब्रशवर हात बसलेला नसेल, तर ब्लू टॅकच्या (चिकट, मऊ पुट्टीच्या) बारीक वळ्या करून कडेला चिकटवा आणि मधली जागा टेपने झाका. फवारा मात्र वरून सरळ मारा, तिरका मारला की वळीखाली रंग शिरतो. पोटासाठी डब्यातला ठार काळा वापरू नका, त्यात थोडा करडा मिसळा. नाहीतर चाकांचे दरवाजे, जोडरेषा, सगळं काळ्यात बुडून जातं. डीकलच्या आधी चकचकीत वार्निशचा थर हवाच. खरबरीत मॅट रंगावर डीकल लावली की खाली हवा अडकते आणि कांगारूभोवती चंदेरी धुकं दिसतं.

जुनं दाखवण्याबाबत माझा हात आखडता असतो. हे विमान काल्पनिक इतिहासातही जेमतेम दोन वर्षं तळावर आहे. उन्हाने पाठीवरचे हिरवे जरा विटलेले, इंजिनांच्या मागे काजळी, इंधन भरायच्या जागी एखादा ओघळ, एवढं पुरे. प्रत्येक जोडरेषेत काळं ओतून विमानाची फरशी करण्याची फॅशन आहे, ती मला पटत नाही. नाकावर शार्कचा जबडाही नको. काल्पनिक मॉडेल म्हटलं की दर दुसऱ्या विमानाला दात फुटतात.

राहिला भारतीय रंगांचा प्रश्न. चालतील, पण तिथे सांधा ताणावा लागतो. कॅनबेरा घेणारा भारत साठच्या दशकात मिग-21 कडे वळला होता, त्याला पुन्हा एवढ्या महागड्या ब्रिटिश विमानाकडे ओढून आणायला एक थाप पुरणार नाही. भारतीयच हवं असेल तर मी मारुत हे भारतीय बनावटीचं लढाऊ विमान निवडेन, कारण तिथे खरा फाटा तयार आहे. इजिप्तच्या एचए-300 या लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण 7 मार्च 1964 ला भारतीय वैमानिक कपिल भार्गव यांनी केलं होतं. पुढे त्याच्यासाठी बनत असलेलं ई-300 इंजिन तपासायला भारताने एक मारुत इजिप्तला दिलं आणि मार्च 1967 मध्ये ते या इंजिनावर उडालंही. 1969 मध्ये इजिप्तने प्रकल्प बंद केला. तो बंद झाला नसता, तर मारुतला हवं तसं दमदार इंजिन मिळालं असतं आणि इजिप्तनेही मारुत घेतली असती, असं धरा. मग भारतीय राऊंडेल लावा किंवा इजिप्तचे, लाल-पांढरे-काळे, सोबत दोन हिरवे तारे. इजिप्तचं करणार असाल तर तारीख आधी ठरवा. जून 1967 च्या इस्रायलबरोबरच्या युद्धाआधी त्यांची मिग विमानं बहुतेक उघड्या चंदेरी धातूतच उभी असायची, आणि तळावरच ती जळाल्यानंतर उरलेल्यांवर वाळूचे रंग चढले.