हापूसची थेट विक्री : ॲप, वेबसाइट की सॉफ्टवेअर, आधी काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळ तुमची बाग आहे, वडील सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात पाठवतात आणि तुम्हाला यंदापासून पुण्या-मुंबईत घरपोच पेट्या द्यायच्या आहेत.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांना संगणकाची कामं करून देतो. माझं स्पष्ट मत : तूर्त यातलं काहीच घेऊ नका. आधी वडिलांसोबत बसून किती माल वाशीला आणि किती थेट, ते ठरवा. वाशीत भाव तिथेच ठरतो आणि खर्च वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते. त्या व्यवहाराला वेबसाइटचा काही उपयोग नाही. एक्सेलमध्ये पट्ट्या तारीखवार चढवल्यात तरी वाशी कधी परवडली नाही ते दिसेल.

थेट विक्रीचं गणित निराळं. घरच्या गिऱ्हाइकाला अक्षय्य तृतीयेला ताटात पिकलेला आंबा हवा असतो. फळ उतरवलं कधी, अढीत, म्हणजे गवतात पिकायला, घातलं कधी, गाडीत किती दिवस, सगळा खेळ तारखांचा. बागायतदारांच्या वहीत हमखास अशी ओळ सापडते : 'दोन पेट्या, एक तयार, एक कच्ची, लग्नाच्या आदल्या दिवशी पोच.' बऱ्याच तयार ॲपमध्ये हे लिहायला जागाच नसते, नग आणि रक्कम टाकली की संपलं. तुमचा धंदा तर त्या ओळीवरच उभा राहणार आहे! म्हणून गुगल शीटमध्ये पोचवायची तारीख लिहा आणि तिथून मागे मोजत अढीची तारीख काढा. सोबत व्हॉट्सॲप बिझनेस आणि यूपीआय. पहिल्या हंगामाला एवढं पुरे.

पैसे घालायचेच असतील तर फळाच्या ओळखीवर घाला. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपतोच. त्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या कोडचं स्टिकर आणलं. अडचण आधी नेमकी ओळखली, मग तंत्र निवडलं, हे मला फार पटतं. देवगडच्या नावावर विकणार असाल तर संस्थेत चौकशी करा आणि जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या.

पुढे सॉफ्टवेअर घेतलंत तर वर्षाचं भाडं भरू नका, हंगाम दोन-तीन महिन्यांचाच. गिऱ्हाइकांची यादी केव्हाही बाहेर काढता येते ना, हे पैसे देण्याआधी स्वतः करून बघा. आणि शेडमधल्या माणसांना शिकवायचं ते मोहोर येण्याआधी. पेट्या भरायला लागल्यावर कुणालाही मान वर करायला फुरसत नसते.